दोन दिवसांचा चोर

“हेमंतराव, मला चोर पाहिजे. शनिवारपर्यंत.”

अण्णांनी टेबलावर मूठ आपटली आणि लगेच माझा चहा सांडला नाही ना, तेही पाहून घेतलं. अण्णा माझे सासरे. जावयावर ओरडायची त्यांच्याकडे पद्धत नाही, त्यामुळे त्यांची फार कुचंबणा व्हायची. कितीही संताप आला तरी शेवटी ‘राव’ लावावं लागे, आणि ‘राव’ लावलं की संतापातली निम्मी हवा निघून जाते.

“काय चोरीला गेलं?” मी विचारलं.

“दोन दिवस.”

मला वाटलं, उन्हामुळे असेल. एप्रिल होता, आणि ऑफिसचं छप्पर पत्र्याचं.

ही दोन हजार सात सालची गोष्ट. नाशिकजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत अण्णांचा, म्हणजे रामदास कोठावद्यांचा, बिजागऱ्यांचा कारखाना होता. दाराच्या, खिडकीच्या, कपाटाच्या, सगळ्या प्रकारच्या बिजागऱ्या. पत्रा कापणाऱ्या प्रेसवर आठ पुरुष. पिना ठोकायला, पुसायला आणि पेट्या भरायला सव्वीस बायका. पुण्यातली माझी नोकरी सुटल्यावर अण्णांनी मला बोलावून घेतलं होतं. माझ्या कार्डावर ‘कार्यकारी संचालक’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात मी फोन घ्यायचो, बँकेत जायचो आणि अण्णांच्या चष्म्याची काडी दुरुस्त करून आणायचो. बाकी सगळं अण्णाच करायचे.

बाकी सगळं म्हणजे अक्षरशः सगळं. प्रत्येक पेटीत बिजागऱ्यांबरोबर स्क्रूंची पुडी घालावी लागते. स्क्रू भांडारात कुलपात, आणि किल्ली अण्णांच्या खिशात साखळीला. स्क्रू हवे असले की बाईनं चिठ्ठी लिहायची, अण्णांना शोधायचं, सही घ्यायची, मग अण्णा स्वतः येऊन कुलूप उघडणार आणि स्क्रू तोलून देणार. एका चिठ्ठीवर चार पेट्यांपुरतेच. जास्त दिले की सांडतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अशा रीतीनं आठवड्याचे सहा दिवस राबून आमच्या तीनशे पेट्या निघायच्या, आणि तीस वर्षं तेवढ्याच निघत आल्या होत्या.

आदल्या वर्षी भारनियमन आलं. आमच्या भागात गुरुवारी आणि शुक्रवारी वीज नाही म्हणजे नाही. सहा दिवसांचा आठवडा चारावर आला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. इंदूरचा व्यापारी तीनशे पेट्या घ्यायचा. त्या मिळाल्या नाहीत तर तो दुसरीकडे जाणार. अण्णांनी सगळ्यांना गोळा केलं आणि रडवेल्या आवाजात सांगितलं, “चार दिवसांत सहा दिवसांचा माल काढा, पगार सहा दिवसांचाच देतो.”

तेव्हा अलकाताई पुढे झाल्या. त्या पॅकिंगच्या प्रमुख. चौदा वर्षं आमच्याकडे. कळवणकडच्या, आडनाव पगार. ‘पगार आली’ असं कोणी ओरडलं की नव्या माणसाला वाटे, यांचं व्याकरण कच्चं आहे.

“काढू,” अलकाताई म्हणाल्या. “पण अण्णा, मग स्क्रूसाठी तुमच्या मागं फिरायला आम्हाला वेळ नाही. किल्ली द्या.”

एरवी अण्णांनी किडनी दिली असती, किल्ली नाही. पण त्या दिवशी त्यांनी साखळीसकट काढून दिली. पहिल्या आठवड्यात दोनशे ऐंशी पेट्या निघाल्या. तिसऱ्या आठवड्यात तीनशे. पुढे आठ महिने, चार दिवसांत तीनशे पेट्या, आणि गुरुवार-शुक्रवार सगळे आपापल्या घरी.

मार्चअखेर भारनियमन संपलं. अण्णांनी पेढे वाटले, प्रत्येकाला एक. छोटंसं भाषण केलं, अलकाताईंकडून किल्ली परत घेतली आणि जाहीर केलं की सोमवारपासून पुन्हा सहा दिवस. पगार आहे तोच. मग पेढ्याच्या रिकाम्या बॉक्सवर त्यांनी गणित मांडलं : चार दिवसांत तीनशे, म्हणजे दिवसाला पंच्याहत्तर, म्हणजे सहा दिवसांत साडेचारशे. त्याच बॉक्सकडे बघत त्यांनी इंदूरला फोन लावला आणि साडेचारशे पेट्या कबूल करून टाकल्या.

पहिल्या आठवड्यात निघाल्या तीनशे एक. दुसऱ्या आठवड्यात दोनशे अठ्ठ्याण्णव. तिसऱ्यात तीनशे दोन.

“आता सांगा,” अण्णा म्हणाले, “दोन दिवस वाढवले ते गेले कुठं? कोणीतरी ढापतंय ना? तुम्ही इंजिनियर आहात. तुमचं ते घड्याळ घ्या आणि चोर पकडा.”

मी कपाटातून जुनं स्टॉपवॉच काढलं, तक्ता आखला आणि सोमवारी सकाळी प्रेसजवळ स्टुलावर जाऊन बसलो.

सोमवारी मला एकही हात रिकामा दिसला नाही. पुरुष प्रेस मारत होते, बायका पिना ठोकत होत्या, पुसत होत्या, भरत होत्या. मंगळवारी लक्षात आलं की काही बायका पुसलेल्याच बिजागऱ्या पुन्हा पुसतायत. आरशासारखी चकचकीत बिजागरी हातात घेऊन हिराबाई गांगुर्डे ती मन लावून घासत होती.

“हिराबाई, ही पुसून झालीय ना?”

“झालीय. पण भरायला जागा नाही. टेबलं भरलीत. स्क्रू यायचेत.”

“स्क्रू कोण आणायला गेलंय?”

“मंदाकिनी गेलीय. अण्णांकडं.”

मी अण्णांच्या ऑफिसच्या दाराशी गेलो. मंदाकिनी चिठ्ठी घेऊन उभी होती. अण्णांनी पेन हातात घेतलेलं, पण ते कागदाला अजून टेकलं नव्हतं. ते सांगत होते, “…कसाऱ्याचा घाट, वर धो धो पाऊस, आणि ट्रकमध्ये माझी पहिली प्रेस. ड्रायव्हर म्हणाला, शेठ, आता गाडी पुढं जात नाही. मी काय केलं असेल?”

“काय केलं अण्णा?” मंदाकिनीनं डोळे मोठे करून विचारलं.

मी स्टॉपवॉच सुरू केलं. घाट चढून, प्रेस कारखान्यात उतरवून, अण्णांनी सही करेपर्यंत चौदा मिनिटं झाली. तोवर पॅकिंग थांबलं होतं; पॅकिंग थांबलं म्हणून पिनांची टेबलं तुंबली होती; ती तुंबली म्हणून प्रेसवाले तंबाखू मळत होते.

बुधवारी दुपारी मी खोक्यांच्या थप्पीमागे बसून डबा खात होतो. थप्पीच्या पलीकडे बायकांची पंगत. मी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

“जेवणानंतर घाट कोणाकडं?” अलकाताईंचा आवाज.

“माझ्याकडं.”

“अण्णा लग्नासाठी माईंना बघायला गेले होते ती गोष्ट?”

“ती माझ्याकडं. पण ती नऊच मिनिटांची आहे ताई.”

“असू दे. आणि साडेतीनला पुराची गोष्ट. हिराबाई, तू जा.”

“मला नको बाई पूर. कालही मीच गेले होते.”

“तुझ्यासारखं कोणाला जमत नाही. तू ‘मग पुढं?’ म्हणतेस ना, त्यानं पाच मिनिटं वाढतात.”

माझा घास घशातच अडकला. ठसका लागला, आणि पंगत चिडीचूप झाली. अलकाताई थप्पीला वळसा घालून आल्या. मी डबा मांडीवर घेऊन खोकत होतो. त्यांनी आधी मला पाण्याची बाटली दिली, आणि मग कमरेवर हात ठेवला.

“ऐकलंत?”

“ऐकलं.”

“मग आता सांगणार का अण्णांना?”

“ताई, हे बरं नाही. मुद्दाम वेळ काढताय तुम्ही.”

“आम्ही? जावईबापू, सहीशिवाय स्क्रू हलवायचा नाही, हा नियम कोणाचा? आमचा? चिठ्ठीवर चारच पेट्यांचे द्यायचे, हा कोणाचा? आम्ही सगळे नियम पाळतोय. अण्णा बोलायला लागले की ऐकून घेतोय. मोठ्या माणसाचं ऐकायचं नाही का?”

“पण आठ महिने चार दिवसांत तीनशे पेट्या काढत होतात ना?”

“होतो. काढून दाखवल्या. आणि वीज आल्यावर आम्हाला काय मिळालं? पेढा. दोन दिवस घेतले आणि एक पेढा दिला. म्हणजे दिवसाला अर्धा.” त्यांनी बोटांनी अर्धा पेढा दाखवला. “आता दीडपट माल काढायचा आणि पगार आहे तोच? ती वरची दीडशे पेटी कोणाची, ते सांगा की. तुम्ही शिकलेले आहात.”

मी विषय बदलला, “त्या दोन दिवसांत तुम्ही करायचात तरी काय?”

अण्णांचा पक्का समज होता की बायका गुरुवारी-शुक्रवारी दुसऱ्या कारखान्यात राबतात.

“हिराबाई शिवणाचं शिकली. मंदाकिनीनं सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं, चार वर्षं राहिलं होतं.”

“आणि तुम्ही?”

अलकाताई पहिल्यांदाच लाजल्या. “मी काहीच नाही केलं. ओट्यावर बसून शेंगा खाल्ल्या. लग्नानंतर इतकं मोकळं बसले नव्हते मी.” मग त्यांचा आवाज खाली आला. “सांगायचं तर सांगा अण्णांना. पण माझं नाव सांगा. हिराबाईचं नको. तिची पोरगी नर्सिंगला आहे, तिला काढलं तर शिक्षण थांबेल.”

संध्याकाळी मी हे सगळं वृषालीला सांगितलं. वृषाली माझी बायको, अण्णांची एकुलती एक मुलगी. आम्ही अण्णांच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचो. ती हसून हसून पलंगावर आडवी झाली.

“पूर किती मिनिटांचा भरला?”

“एकोणीस. हिराबाई असली की चोवीस.”

“माझ्या लहानपणी पस्तीस मिनिटांचा होता. बराच आवरता घेतलाय.”

“तुला हसू येतंय. अण्णांना खरं सांगितलं तर माझी नोकरी जाईल.”

“अण्णा तुला काढणार नाहीत.”

“कशावरून?”

“दुसरा इंजिनियर पगार मागेल.”

मी उरलेले दिवस इमानेइतबारे मोजत राहिलो. शनिवारी संध्याकाळी, कामगार गेल्यावर, तक्ता घेऊन अण्णांसमोर बसलो.

“सापडला?” अण्णांनी विचारलं.

“सापडला.”

“मला माहीतच होतं. कोण? प्रेसवरचा तो नामदेव ना?”

मी तक्ता पुढे सरकवला. त्यात एक रकाना होता : ‘काम कशासाठी थांबलं’. आठवड्यात बहात्तर वेळा काम थांबलं होतं, आणि बहात्तर वेळा मी एकच गोष्ट लिहिली होती : ‘रा. वि. कोठावदे यांची सही’. खाली बेरीज. जवळजवळ सोळा तास. आठ-आठ तासांचे पुरे दोन दिवस. बायकांनी गोष्टींच्या पाळ्या लावल्या होत्या, त्याबद्दल त्या तक्त्यात अवाक्षर नव्हतं. ते मी लिहिलं नाही. ऐकलेलं मोजता येत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. खरं म्हणजे माझी हिंमत झाली नव्हती.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. “हे रा. वि. कोण…” एवढं म्हणाले आणि थांबले.

त्यांनी बहात्तरही ओळींवरून बोट फिरवलं.

“मी?” ते म्हणाले. “मी चोर?”

“चोर नाही अण्णा, पण—”

“मी सकाळी साडेसातला येतो! सगळ्यांच्या आधी! सगळ्यांच्या नंतर जातो! या कारखान्यात माझ्याइतकं काम कोणी करत नाही!”

“तेच तर,” मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

अण्णा उभे राहिले. ते ओरडणार होते, पण मी जावई पडलो. शेवटी त्यांनी दोन्ही हात जोडले. “हेमंतराव, सोमवारपासून आपण येण्याची तसदी घेऊ नये.”

इतक्या आदरानं नोकरीवरून काढलेला माणूस माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास सासूबाई जिना चढून वर आल्या. त्यांना सगळे माई म्हणायचे. “हे घरात नाहीत,” त्या म्हणाल्या. “चहाही न घेता गेले. काल काय झालं तुमच्यात?”

मी स्कूटर काढली आणि सरळ कारखाना गाठला. फाटकाला आतून कडी होती. म्हाताऱ्या वॉचमननं, भवरबाबांनी, ती काढली आणि डोळ्यांनीच आत खूण केली. अण्णा भांडाराच्या दारासमोर स्टुलावर बसले होते. मांडीवर किल्ली. मला पाहून उठले नाहीत. मी एक रिकामी पेटी उलटी करून शेजारी बसलो.

“आज सुट्टी आहे अण्णा.”

“माहीत आहे मला.” थोड्या वेळानं म्हणाले, “भारनियमन होतं ना, तेव्हा तुम्ही सगळे गुरुवार-शुक्रवार घरी बसलात. मी कुठं होतो, माहीत आहे?”

“तुम्ही तर म्हणायचात, व्यापाऱ्यांच्या गाठीभेटी घेतो.”

“इथं होतो. या स्टुलावर. भवरबाबांना विचारा.”

फाटकाजवळून भवरबाबांनी मान डोलावली. “अण्णांनी मला पूर सतरा वेळा सांगितला साहेब,” ते म्हणाले. तक्रार अशी नाही, पण आकडा त्यांच्या लक्षात राहिला होता.

मला हसू आवरेना. गंमत म्हणजे अण्णाही थोडे हसले. मग किल्ली बोटाभोवती फिरवत म्हणाले, “तुम्हाला काय वाटतं, मला कळत नाही? हिराबाई एक महिना झाला ‘मग पुढं काय झालं?’ विचारतेय. पुढं काय झालं ते तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. परवा मी पुरातल्या हातगाडीची चार चाकं म्हणालो, तर तिनं दुरुस्त केलं, अण्णा, दोन. वेळ काढतायत त्या, कळतं मला.”

मी पेटी जरा जवळ सरकवली.

“पण विचारतात ना,” अण्णा म्हणाले. “घरी कोण विचारतं? माई म्हणते, पुरे झालं. वृषाली हसते. तुम्ही मान डोलावता आणि मोबाइल बघता.” ते खरं होतं. “किल्ली दिली की माझ्याकडं यायचं कोणाला कारण उरत नाही. आठ महिने आलं नाही कोणी. माल निघत होता, पैसे येत होते, सगळं झकास चाललं होतं, आणि मला कोणी विचारत नव्हतं. माझ्यावाचून इतकं चांगलं चालतं, हे मला माहीत नव्हतं, हेमंतराव. तीस वर्षं माहीत नव्हतं.”

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता. मी वृषालीला सांगतो तसं सहज बोलून गेलो, “अण्णा, गोष्ट सांगायला किल्ली कशाला लागते?”

“मग काय लागतं?”

“ऐकणारे. त्यांना वेळ असला की ऐकतील.”

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की हा माणूस फुकटात मिळाला असला तरी अगदीच वाया गेलेला नाही. मग उठले, पँट झटकली आणि म्हणाले, “उद्या आठला या. उशीर नको.”

माझी बडतर्फी अशा तऱ्हेनं एका रविवारात संपली.

सोमवारी अण्णांनी सगळ्यांना प्रेससमोर बोलावलं. मला वाटलं, ते काही हृद्य बोलतील. पण अण्णा व्यापारी होते. किल्ली त्यांनी उंच धरली आणि म्हणाले, “ही अलकाताईंना देतो. चिठ्ठी बंद, सही बंद. पण मला साडेचारशे पेट्या पाहिजेत.”

“दीडपट माल, तर दीडपट पगार,” अलकाताईंनी लगेच सांगितलं.

“अरे वा! आणि प्रेस कोणाची? छप्पर कोणाचं?”

“मग चार दिवस काम, आणि तीनशे पेट्या. पगार आहे तो.”

यावर अण्णांनी काही बोलायच्या आधीच हिराबाई म्हणाली, “ताई, मला दिवस नकोत. पैसे पाहिजेत. पोरीची फी आहे.”

“आणि मला दिवस पाहिजेत,” मंदाकिनी म्हणाली. “सासूचा दुसरा डोळा राहिलाय.”

मग जी जुंपली ती बायकांची आपसात. प्रेसवाले पुरुषही उतरले त्यात. नामदेव म्हणाला, घरी बसून करायचं काय. त्याच्या शेजारचा म्हणाला, तुझ्या बायकोला विचार. अण्णांचा चेहरा उजळला. “आधी तुमचं तुम्ही ठरवा,” असं म्हणून ते खुर्चीवर बसले आणि त्यांनी चहा मागवला.

सगळे आतल्या शेडमध्ये गेले. तासभर नुसता कलकलाट ऐकू येत होता. मधेच हसणं, मधेच कोणाचं तरी रडणं. मग अलकाताई बाहेर आल्या. पदर खोचलेला, घामानं निथळत होत्या.

“पाच दिवस,” त्या म्हणाल्या. “शनिवार-रविवार सुट्टी. पावणेचारशे पेट्या. पगार सहा दिवसांचा आहे तोच. आणि ज्या पंच्याहत्तर पेट्या जास्त निघतील, त्यांच्या नफ्यात अर्धा वाटा आमचा, सगळ्यांना सारखा.”

“तिसरा हिस्सा,” अण्णा म्हणाले.

“अर्धा.”

“शेठ कोण आहे इथं?”

“तुम्हीच. म्हणून तर तुम्हाला एकट्याला अर्धा, आणि आम्हा चौतीस जणांना मिळून अर्धा.”

अण्णांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “हेमंतराव, हा हिशेब बरोबर आहे का?”

“हिशेब बरोबर आहे,” मी म्हणालो. “वाटणी बरोबर आहे का, ते तुम्ही बघा.”

अण्णांनी डोळे मिटले. हिराबाईनं बाजूच्या बाईचा हात घट्ट धरला होता.

“कबूल,” अण्णा म्हणाले. “पण माझी एक अट आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत मी येऊन बसणार, आणि तुम्ही माझं ऐकायचं. अर्धा तास.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. हिराबाईनं तोंडाला पदर लावला.

“जेवणाची सुट्टी नाही,” अलकाताई ठामपणे म्हणाल्या. “तो आमचा वेळ आहे. दुपारच्या चहाला. दहा मिनिटं.”

“वीस.”

“पंधरा. आणि पूर आठवड्यातून एकदाच.”

“पंधरा,” अण्णा म्हणाले, आणि किल्ली अलकाताईंच्या हातावर ठेवली.

इंदूरला फोन मी लावून दिला. अण्णा फार अवघडून बोलत होते : साडेचारशे जमत नाहीत, पावणेचारशे देतो, माफी असावी. पलीकडचा व्यापारी मोठ्यानं हसला. मलाही ऐकू आलं. “शेठजी, साडेचारशे मागितल्या कोणी होत्या? तुम्ही एवढ्या उत्साहात होतात, म्हणून मी हो म्हटलं. पावणेचारशे खपवतानाच माझा घाम निघेल.”

त्या आठवड्यात पेट्या निघाल्या तीनशे एकोणऐंशी. जास्तीच्या चार अलकाताईंनी ‘चुकून झाल्या’ म्हणून सांगितलं.

आणि मग पहिला सुट्टीचा शनिवार उजाडला. कारखान्याचं सगळं मार्गी लागलं, असं समजून मी दहापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. साडेनऊला दार वाजलं. माई उभ्या होत्या. नवी साडी, खांद्याला पिशवी.

“मी ओझरला बहिणीकडे चाललेय,” त्या म्हणाल्या. “संध्याकाळी येईन.”

“असं अचानक?” वृषालीनं विचारलं.

“सकाळपासून तीनदा चहा मागितला त्यांनी. दोनदा विचारलं, जेवायला काय आहे. एकदा भाजी कशी चिरावी ते सांगितलं. मला सांगितलं! चौतीस माणसांना सुट्टी मिळाली, फार चांगलं झालं. पण ती दिली कोणाच्या जिवावर? त्यांची एक दिवस सुट्टी वाढली, म्हणजे माझं एक दिवस काम वाढलं. त्या वाटणीत मला कोणी बोलावलं होतं का?”

वृषाली माझ्याकडे बघायला लागली. मी तक्ता आखणारा माणूस. हा रकाना माझ्याही डोक्यात आला नव्हता.

“पण माई, अण्णांचं जेवण?” मी विचारलं.

“त्यांना दोन हात आहेत. तुम्हालाही दोन आहेत. झाले चार.” आणि त्या जिना उतरून गेल्यासुद्धा.

खाली गेलो तर अण्णा स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते. परक्या गावाच्या स्टँडवर उतरल्यासारखे.

“हेमंतराव, तुम्हाला पोळ्या येतात?”

“नाही.”

“भात?”

“पाहिलेला आहे.”

“मग त्या कॉलेजात तुम्हाला शिकवलं तरी काय?”

वृषाली दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत बसली. मदतीला ती उठली नाही. विचारलं तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायची, आणि बहुतेक वेळा ‘नाही’च. आम्ही खिचडी करायचं ठरवलं. हळद कुठल्या डब्यात ते शोधण्यात पंधरा मिनिटं गेली. पहिली खिचडी करपली. दुसरीत पाणी जास्त झालं, तेव्हा अण्णांनी तिला ‘सूप’ म्हणून टाकलं. तिसरी जमली. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही तिघांनी भांड्यातूनच खाल्ली, आणि माईंसाठी एक वाडगा झाकून ठेवला.

माई सहाला परतल्या. स्वयंपाकघर बघून त्यांच्या कपाळावर आठी आली, पण बोलल्या नाहीत. अण्णांनी वाडगा गरम करून त्यांच्यासमोर ठेवला. स्वतः समोर बसले, हात मांडीवर, परीक्षेचा निकाल ऐकायला बसतात तसे. माईंनी पहिला घास घेतला. मग दुसरा. वाडगा चाटूनपुसून स्वच्छ केला आणि बाजूला ठेवला.

“मीठ बरोबर आहे ना?” अण्णांनी विचारलं.

माई पाणी प्यायल्या, त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि उठता उठता म्हणाल्या, “पुढच्या शनिवारी मी आठलाच निघते.”